औषधाचं विरजण

माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर फोड आले त्या वर्षी मला कळलं, की लोकांना दुसऱ्याच्या मुलीचं तोंड बघून गप्प बसता येत नाही. नळावर गेलं की एक उपाय, गिरणीत दळण टाकायला गेलं की दुसरा. मसुराची डाळ वाटून लाव. लिंबू लाव. लिंबू अजिबात लावू नको. जायफळ उगाळून लाव. एकीने सांगितलं, सकाळी उठल्यावर चूळ न भरता तोंडातली लाळ लाव. ती स्वतः गालांवर पावडर थापून फिरायची. मी विचारलं, तू लावतेस का. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही, तेवढीच शांतता.

एकदोन पुटकुळ्या असत्या तर मी लक्ष दिलं नसतं. त्या वयात सगळ्यांना येतात. हिचे गाल, हनुवटी, कपाळ, सगळं भरलं होतं. फोड पिकायचे, फुटायचे आणि मागे काळा डाग ठेवून जायचे. एक डाग फिका पडेपर्यंत त्याच्या शेजारी दुसरा तयार.

ही गोष्ट ऐंशीनंतरची, नव्वद अजून लागायचं होतं. भिवंडीत आमच्या दोन खोल्या होत्या. नवरा सरकारी कचेरीत कारकून. आमच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमची शेड, ती शेजारच्या भाभीच्या नवऱ्याची. ते पिढ्यान् पिढ्या इथलेच, कोकणी मुसलमान. शेडमधून रुई उडायची आणि ती भात, पाणी, दूध कशावरही बसायची. झाकण नसलेलं भांडं आमच्याकडे कोणी ठेवत नसे.

मी दिघाशीची. चौथीपर्यंत शिकले, कारण गावात शाळा तेवढीच होती आणि पुढे शिकायला मुलीला बाहेर पाठवायची कोणाला घाई नव्हती. मुलगी बारावी झाली आणि डी.एड.ला लागली तेव्हा मी ठरवलं, ही शिक्षिका होणार. ह्यात हळवं काही नाही. मी जन्मभर नवऱ्याच्या पगाराकडे बघत बसले, तिने बसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

डी.एड.ला सराव पाठ असतात. शिकणाऱ्या मुलींना खऱ्याखुऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे उभं राहून शिकवावं लागतं, आणि मागच्या बाकावर त्यांच्या बाई बसून बघतात. त्या दिवशी साडी नेसून जायचं. माझी मुलगी पहिल्या पाठाला माझी निळी साडी नेसून गेली. पहिलीचा वर्ग होता. फळ्यावर तिने चित्र लावलं, वळली, तर पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्हाला कांजण्या झाल्यात. माझ्या भावाला झाल्या तर त्याला घरी ठेवलं."

सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघायला लागला. मागे बसलेल्या बाईही बघायला लागल्या. हिने कसाबसा पाठ संपवला, घरी आली आणि साडी न सोडता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्यानंतर तिचं एकच सुरू झालं. वर्गात जायची, पण ओढणी गालापर्यंत ओढून मागे बसायची. पाठाचा दिवस आला, की पोट दुखायचं. शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "परीक्षेच्या आत सगळे पाठ झाले नाहीत तर तिला परीक्षेला बसवता येणार नाही. वर्ष जाईल."

मी म्हटलं, "तिचं पोट दुखतं."

"दर पाठालाच कसं दुखतं?"

आणि खरं सांगायचं, तर पोट खरंच दुखत होतं. दिवाळीपासून कल्याणच्या कातडीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. त्यांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने. फोड थोडे दबले. पण पोटाचं वाटोळं झालं. जिभेवर पांढरा थर, तोंड आलेलं, जेवली की परसाकडे धावायची. पाठाच्या दिवशी ती सोंग करते की खरंच दुखतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

माझ्या आईने दिघाशीहून निरोप पाठवला, "आग पोटात हाय, तोंडाला काय फासतेस? ताक पाज तिला. दवा न्हाय लागत." माझी आई सगळ्याला ताक सांगायची, पाय मुरगळला तरी. मी लक्ष दिलं नाही.

मी मुलीला घेऊन पुन्हा कल्याणला गेले. एसटीने जाणं, तिथे नंबर लावून बसणं, परत येणं, ह्यात अख्खा दिवस जायचा. डॉक्टर बरे होते, पण बोलताना नजर दुसऱ्या पेशंटकडे असायची. पोटाचं ऐकल्यावर त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि कॅप्सूल लिहून दिल्या.

"गोळ्यांनी वाईट जंतू मरतात, त्यांच्याबरोबर पोटातले चांगलेही मरतात. ह्या कॅप्सूलमध्ये चांगले जंतू आहेत. दह्यात असतात तसे."

"जिवंत?"

"जिवंत. म्हणून गरम चहा-दुधाबरोबर देऊ नका."

"आणि चेहऱ्याचं काय?"

"पोट सुधारलं की काही बायकांचा चेहरा सुधारतो. काहींचा नाही सुधारत. मी तुम्हाला लिहून देणार नाही."

"मी लिहून मागत नाही. तोंडी सांगा."

"तोंडीही नाही सांगणार," ते म्हणाले आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

मला त्यांचा राग आला. एवढा शिकलेला माणूस, त्याने हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. काहींचा सुधारतो, काहींचा नाही, हे तर नळावरच्या बायकाही सांगत होत्या, आणि त्यांच्याकडे जायला एसटी लागत नव्हती.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्या दिवसांत गावात कावीळ फार होती, म्हणून आम्ही पाणी उकळून प्यायचो, आणि ते काम सासूबाईंकडे होतं. मी कॅप्सूलचं सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मी रोज स्टोपुढे बसून पाणी उकळते. कशाला, तर जंतू मरावेत म्हणून. आणि तू कल्याणला जाऊन जंतू आणलेस?"

"ते वेगळे जंतू."

"त्यांच्या कपाळावर लिहिलंय का, आम्ही चांगले म्हणून?"

मुलगी हसली. कित्येक दिवसांनी हसली, तेही माझी फजिती बघून.

कॅप्सूल तिला गिळता येईना. गोळीचे ती दोन तुकडे करायची. कॅप्सूलचं तसं होईना, ती घशाला चिकटायची आणि हिला उमासे यायचे. मग मी कॅप्सूल उघडून आतली पूड कोमट दुधात टाकून द्यायला लागले. ते दूध ती नाक धरून प्यायची. एका संध्याकाळी तिने ते प्यायलं नाही. फुलपात्रावर ताटली ठेवून ते डब्यांच्या मागे सरकवलं आणि प्यायले म्हणून सांगितलं.

शिमगा होऊन गेला होता, पत्र्याखाली चांगला उकाडा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ काढताना मला ते फुलपात्र सापडलं. तिला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं आणि थांबले. फुलपात्र वाकडं केलं तरी दूध सांडत नव्हतं. दही लागलं होतं. थोडं सैल, फार आंबट नाही. मी बोटाने चाखलं. दही ते दहीच.

ज्या बाईने आयुष्यभर रोज रात्री दूध विरजलं आहे, तिने ह्यावरून काय समजावं? मी जे समजले, ते अजूनही मला चूक वाटत नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दह्यात असतात तसे जंतू. मग ही कॅप्सूल म्हणजे एक चिमूट विरजण. आणि विरजण कोणी पुन्हा पुन्हा दुकानातून आणतं का? ते एकदा घरात आलं की झालं, आजच्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. माझ्या माहेरचं विरजण माझ्या आईच्या सासूच्या वेळचं होतं. मुलीला कॅप्सूल गिळवत नाही, पूड घातलेलं दूध प्यायचं नाही, पण भाताबरोबर दही ती खाते. मग भांडण कशाला?

मी एक स्टीलची वाटी वेगळी काढली. तिच्यावर धुतलेला फडका बांधला, रुई जाऊ नये म्हणून, आणि घरच्या दह्यापासून दूर, खिडकीशी ठेवली. रोज दुपारी मुलीला त्यातलं दही. उरलेल्या कॅप्सूल मी मधूनमधून त्यात सोडायचे, ताकद उतरू नये म्हणून. मुलीचं पोट सुधारायला लागलं. जिभेवरचा थर गेला, तोंड बरं झालं. चेहऱ्याचं मात्र मला समजेना. सकाळी खिडकीशी बसवून बघितलं की हनुवटीवरचे फोड कमी वाटायचे. संध्याकाळी बल्बखाली बघितलं की तेवढेच वाटायचे.

"आई, माझं तोंड आहे की हवामान?" मुलगी एकदा म्हणाली. "सारखं काय बघतेस?"

भाभीच्या नजरेतून ती वाटी सुटणं शक्य नव्हतं. ती दुपारची आमच्या उंबऱ्यात येऊन बसायची.

"काय गो वहिनी, फडका बांधून काय लपवलास?"

"औषध आहे."

"औषधाला मुंग्या लागतात? कधी बघितला नव्हता."

मी तिला सगळं सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. म्हणाली, "अल्ला, डॉक्टरला कळला तर तो दवाखाना बंद करून म्हैस बांधील." मग गंभीर झाली. तिच्या सुनेच्या दोन्ही गालांवर बाळंतपणापासून वांग होते, काळे, पसरलेले. "दे एक चमचा. तिला पण देऊन बघतो. दह्यानं कोण मेलाय?"

दिवेलागणीनंतर आमच्यात विरजण देत नाहीत, म्हणून मी तिला तेव्हाच, दुपारी दिलं. मला वाटलं, गोष्ट तिथे संपली. पण ती भाभी होती. दोन दिवसांत तिच्या जावेने मागितलं. मग शेडमध्ये काम करणाऱ्या एका भय्याची बायको हातात कटोरी घेऊन आली. "चाची, वो दवाईवाला दही." मग कोपऱ्यावरच्या ब्राह्मणीण बाई आल्या, ज्या आमच्याकडचं पाणीसुद्धा घेताना दोनदा विचार करायच्या. सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी तोंड भरलेली मुलगी होतीच. मी प्रत्येकीला चमचाभर दिलं, आणि प्रत्येकीला सांगावं लागलं, की हे कशाचं आणि कोणासाठी केलं.

आणि मग मुलीचे ते दिवस आले. आमच्याकडे त्या चार दिवसांत मुलीने बाजूला बसायचं, लोणच्याला, दह्याला हात लावायचा नाही. आंबटही खायचं नाही. कॅप्सूल होती तोवर काही प्रश्न नव्हता, औषधाला विटाळ नसतो. आता मी वाटी घेऊन निघाले तर सासूबाईंनी हात आडवा केला.

"दिवसांत दही?"

"हे औषध आहे."

"औषध होतं तेव्हा डबीत होतं. आता दुधात आहे, घट्ट झालंय, आंबट लागतंय. ह्याला काय म्हणतात?"

"आई, तिच्या तोंडावर ह्याच दिवसांत जास्त फोड येतात. आत्ताच बंद करून कसं चालेल?"

"मग कॅप्सूल दे. कॅप्सूलला मी नाही म्हणते का?"

कॅप्सूल संपल्या होत्या. शेवटची मी त्याच वाटीत सोडली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण त्या जराशा खूश दिसल्या. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." तो दहीच खात नसे.

दोन दिवस मी ऐकलं. दोन दिवसांत मुलीच्या कपाळावर नवे फोड वर आले. तिसऱ्या दिवशी मी रेशनच्या रांगेत जायला निघाले, तेव्हा तिला हळूच सांगितलं, "मी नसताना तूच घे. आजीचा डोळा लागला की घे."

परत आले तर वाटी मोरीत पालथी घातलेली, राखेने लखलखीत घासलेली. मुलीने वाटीत चमचा घातला आणि सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. वाटी उचलली आणि गटारात रिकामी केली. घरचं दही ठेवलं होतं ते मात्र तसंच होतं.

"शिवलेलं विरजण नासतं," त्या म्हणाल्या. "मी घरचं उद्याचं विरजण वाचवलं."

पाठांना आता थोडेच दिवस उरले होते. मोठ्या बाईंनी आणखी एकदा निरोप पाठवला होता. मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि भाभीकडे गेले.

"माझं विरजण मला परत दे."

भाभी चूल सारवत होती. "विरजण कुणी परत मागतो? बस."

"माझं गेलं. सासूबाईंनी ओतलं. तुझ्यातलं चमचाभर दे."

तिने फळीवरून भांडं काढलं. देता देता थांबली. "पण वहिनी, खरा सांगू? त्या आठवड्यात आमच्याकडे पाव्हणे आले. दही कमी पडला. मग मी त्यात माझ्या घरचा घातला. मग दूधवाल्याचा पण घातला. आता त्यात तुझा किती आणि माझा किती, तो अल्लालाच ठाऊक."

मग मी तिच्या जावेकडे गेले. तिने भाभीकडचंच पुन्हा आणलेलं. भय्याच्या बायकोने लस्सी करून संपवलेलं. कोपऱ्यावरच्या बाईंनी तर स्पष्ट सांगितलं, की त्यांनी ते नवऱ्याला कढीत घातलं, त्यांच्या मुलीने तोंडही लावलं नाही. सगळ्या गल्लीत दही होतं आणि माझं औषध कुठेच नव्हतं.

दोन दिवसांनी मी एकटीच कल्याणला गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, वाटीचं, फडक्याचं, मधूनमधून कॅप्सूल सोडल्याचं. ह्या वेळी त्यांनी नजर हलवली नाही. शेवटी पेन खाली ठेवून हसले.

"बाई, कॅप्सूलमधल्या जंतूंनी दूध आंबट होऊ शकतं. पण तुमच्या घरात दह्याचे जंतू भांड्यांवर, फडक्यांवर, सगळीकडे असतात. चारदोन वेळा विरजलं, की तेच उरतात. तुम्ही नंतर जे दिलं, ते साधं दही."

"म्हणजे ओतलं गेलं ते साधंच होतं?"

"बहुतेक."

"मग तिचं पोट कशाने सुधारलं?"

"गोळ्या बंद केल्या म्हणून असेल. सुरुवातीच्या कॅप्सूलमुळे असेल. दह्यानेही असेल."

"आणि हनुवटी थोडी बरी आहे ती?"

"आधीच्या गोळ्यांचा परिणाम असेल. वय असेल. सांगता येत नाही."

"तुम्हाला काहीच सांगता येत नाही."

"येतं ते सांगितलं," ते म्हणाले आणि आणखी कॅप्सूल लिहून दिल्या. ते वाईट बोलले नाहीत, पण परतीच्या एसटीत माझं डोकं तापलं होतं. सासूने ओतलं ते साधं दही होतं. मी चार घरं हिंडले ती साध्या दह्यासाठी. माझ्या आईने ताक सांगितलं होतं, तेही जवळजवळ तेच. आणि एवढं करून मुलगी कुठे आहे, तर भिंतीकडे तोंड करून.

घरी आले तर ती भिंतीकडे तोंड करून नव्हती. खोलीच्या मधोमध उभी होती, ओढणी खाली पडलेली, आणि मला वाटलं सासूबाईंशी भांडली असेल. तसं नव्हतं. ती माझीच वाट बघत होती.

"आई, मी आज दळण आणायला गेले होते."

"मग?"

"कोपऱ्यावरच्या काकूंनी मला थांबवलं आणि हनुवटी धरून उजेडात फिरवली. म्हणाल्या, बघू, दह्याने फरक पडला का. गिरणीत दोघींनी बघितलं. भाभीच्या जावेने ओढणी स्वतःच्या हाताने खाली केली आणि भाभीच्या सुनेला हाक मारून दाखवलं, की हिचं डाव्या गालाचं कमी झालंय, उजव्याचं नाही. शेडमधला एक कारागीर बाहेर येऊन ऐकत उभा होता."

"बायकांना काय, रिकामटेकड्या."

"त्यांना कोणी सांगितलं? तू सांगितलंस. चमच्याचमच्याने वाटलंस. एका पोरीने वर्गात कांजण्या म्हटलं तर मी एवढे दिवस तोंड लपवून फिरले. इकडे तू अख्ख्या गल्लीत माझं तोंड वाटत होतीस. आता मी हे झाकू कोणापासून?"

मी पिशवीतून नवी डबी काढली. तिने ती बघितलीसुद्धा नाही.

"उद्या पाठ आहे," ती म्हणाली. "निळी साडी इस्त्रीला दिलीय. मी चेहरा बरा झाला म्हणून जात नाहीये, हे लक्षात ठेव. उगाच उद्या त्या दह्याला श्रेय देऊ नकोस."

"पोट दुखलं तर?"

"दुखलं तर दुखेल."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "सकाळी खिचडी करते, पोटाला हलकी." त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलेलं कामाचं वाक्य तेवढंच.

ती गेली. त्यानंतरच्या सगळ्या पाठांना गेली. एका वर्गात पुन्हा एका पोराने विचारलं, तोंडाला काय झालं. हिने सांगितलं, "फोड आलेत. मोठं झालं की येतात, तुलाही येतील. आता वही काढ." ते पोर म्हणे तास संपेपर्यंत स्वतःचा गाल चाचपत बसलं होतं. परीक्षेला तिला बसू दिलं. पास झाली. खारबावकडच्या एका शाळेत लागली आणि अजून शिकवते आहे.

चेहरा पुढच्या दोनतीन वर्षांत हळूहळू निवळला. कॅप्सूल तिने मोडत-तोडत, नाक धरून, जमेल तशा घेतल्या, दहीही खाल्लं, मग दोन्ही सुटलं. गालांवर बारीक खड्डे राहिले, ते जवळून बघितलं तर दिसतात. भाभीच्या सुनेचे वांग दुसऱ्या बाळंतपणानंतरही होते तसेच राहिले, आणि भाभी तरीही सगळ्यांना सांगायची, की माझ्या दह्याने तिची कातडी मऊ झाली. मी एकदा म्हटलं, भाभी, ते साधं दही होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, "त्याला काय ठाऊक? त्यानं खाल्ला होता?"

मला ह्या सगळ्याचा इतका वैताग आला, की पुढे कोणी चेहऱ्यावरचा उपाय विचारला, तर मी सरळ सांगायचे, मला माहीत नाही. बायकांना ते आवडत नसे. त्यांना वाटायचं मी लपवते आहे.

नव्वदनंतर कधीतरी, सासूबाई गेल्यानंतर, आमच्या शेजारी वळ गावाकडचं एक नवीन कुटुंब राहायला आलं. एका रविवारी माझं दूध विरजलं गेलं नव्हतं आणि मुलगी जेवायला आली होती. मी त्या नव्या बाईकडे थोडं दही मागितलं. तिने वाटी भरून आणून दिली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "काकी, हे साधं नाय हां. ह्या गल्लीत औषधाचं विरजण हाय, जुनं. चेहऱ्याला चांगलं असतं. कोना डॉक्टरनं दिलेलं."

मी मुलीकडे बघितलं. ती भात कालवत होती. तिने वाटी ओढली, चमचाभर दही भातावर घेतलं, खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

"फार आंबट झालंय," ती म्हणाली. "साखर आहे का?"